चित्रकलाशिक्षक-प्रशिक्षण, प्रक्रियाप्रधान

पूर्ण झालेल्या चित्राच्या सुबकपणापेक्षा चित्र काढण्याच्या क्रियेला प्राधान्य देणाऱ्या आणि रेखन-रंगनात मुलाच्या अंतःप्रेरणेला वाव देणाऱ्या चित्रकलाध्यापनासाठी शिक्षकांची करावयाची तयारी. या पद्धतीत शिक्षक नमुना काढून दाखवीत नाही, मुलाच्या चित्रावर हात फिरवीत नाही आणि दोन मुलांच्या चित्रांची तुलनाही करीत नाही. वरवर पाहता हे काम सोपे वाटते. प्रत्यक्षात ते परंपरागत अध्यापनाहून कठीण आहे. नमुना गिरवून घेण्याचे कौशल्य थोड्या अवधीत आत्मसात करता येते. मूल रंगवीत असताना नेमके केव्हा जवळ जावे व केव्हा दूर राहावे, याची जाण मात्र दीर्घ निरीक्षणानेच येते. त्यामुळे या पद्धतीचे यशापयश पाठ्यक्रमापेक्षा शिक्षकाच्या घडणीवर अवलंबून राहते.

महाराष्ट्रातील शालेय चित्रकलेचा पाया यापेक्षा वेगळ्या विचारावर घातला गेला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेची स्थापना १८५७ साली झाली. इंग्लंडमधील साउथ केन्सिंग्टनच्या धर्तीवर डोळा व हात यांना अचूकतेचे वळण लावणे, हे तेव्हाच्या रेखाशिक्षणाचे उद्दिष्ट होते. कारागिरीला उपयुक्त ठरणारे कौशल्य त्यातून मिळावे, अशी अपेक्षा होती. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा त्याच परंपरेतील असून स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन अशी त्यांची विभागणी पिढ्यान्‌पिढ्यांच्या परिचयाची आहे. १९६५ साली कला संचालनालय स्थापन झाल्यावर कलाशिक्षणाची व्यवस्था स्वतंत्र झाली आणि कलाशिक्षक-पदविका (ए.टी.डी.) हा माध्यमिक शाळांतील चित्रकलाशिक्षकांचा प्रमुख मार्ग ठरला. या शिस्तीने राज्याला उत्तम रेखनकार दिले, हे नाकारता येत नाही; परंतु सहा-सात वर्षांच्या मुलाच्या चित्राकडे कसे पाहावे, या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नव्हते.

ते उत्तर शोधण्याचा प्रयत्न प्रथम यूरोपात झाला. व्हिएन्ना येथे फ्रांट्स सिझेक (१८६५–१९४६) याने १८९७ साली मुलांसाठी कलावर्ग सुरू केला. मुलाची कला ही प्रौढांच्या कलेची कच्ची आवृत्ती नसून तिचे स्वतःचे नियम आहेत, अशी त्याची भूमिका होती. इंग्लंडमध्ये मॅरियन रिचर्डसन (१८९२–१९४६) ही डडली येथील मुलींच्या शाळेत डोळे मिटून मनात उमटणारे चित्र प्रथम पाहण्यास व मग ते कागदावर उतरविण्यास सांगत असे. पुढे लंडनमध्ये तिने शिक्षकांच्या प्रशिक्षणाचेही काम केले. हर्बर्ट रीड याचा कलेद्वारा शिक्षणाचे प्रतिपादन करणारा ग्रंथ १९४३ साली, ऐन युद्धकाळात प्रसिद्ध झाला. व्हिक्टर लोवेनफेल्ड याने १९४७ साली गिरगोट्यांपासून वास्तवसदृश चित्रणापर्यंतच्या अवस्था वयानुसार मांडल्या आणि शिक्षकांच्या हाती एक उपयुक्त आराखडा दिला. त्यानुसार चार-पाच वर्षांच्या मुलाने माणसाच्या डोक्यालाच पाय जोडले, तर ती चूक नसून त्या अवस्थेचे लक्षण ठरते.

भारतात या विचाराला शांतिनिकेतनात अनुकूल भूमी लाभली. महाराष्ट्रात तो वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे रुजला. ऑक्टोबर १९३७ मधील वर्धा शिक्षणपरिषदेनंतर नयी तालीमची योजना आकारास आली. सेवाग्राममध्ये हिंदुस्थानी तालीमी संघाच्या वतीने ई. डब्ल्यू. आर्यनायकम् व आशादेवी आर्यनायकम् यांनी शाळेबरोबरच शिक्षकप्रशिक्षणाचेही कार्य चालविले. हस्तव्यवसायकेंद्रित अशा या शिक्षणात चित्रकलेला कितपत स्थान राहील, अशी शंका घेतली जाणे साहजिक होते. तिचे निरसन देवीप्रसाद (१९२१–२०११) यांच्या कार्याने झाले. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला आले व १९६२ पर्यंत तेथे कलाशिक्षक होते. चित्रकार व कुंभकार असूनही मुलांना चित्रकार बनविणे, हे त्यांनी आपले उद्दिष्ट मानले नाही. मुलाच्या सर्वांगीण वाढीत कलेचे स्थान पायाचे आहे, हा त्यांचा सिद्धांत होता. त्यांनी तो प्रथम हिंदीत व पुढे नॅशनल बुक ट्रस्टने १९९८ साली प्रकाशित केलेल्या इंग्रजी ग्रंथात मांडला. मुलाच्या चित्रात शिक्षकाने केलेली दुरुस्ती ही त्या मुलाच्या अनुभवावरच अविश्वास दाखविते, असा या विचाराचा गाभा होय. अहिंसेच्या शिक्षणाशी त्याचे नाते आहे. सेवाग्राम सोडल्यानंतर देवीप्रसादांनी लंडन येथे आंतरराष्ट्रीय युद्धविरोधी संघटनेचे काम पाहिले, हा त्यांच्या जीवनातील तुटक भाग मानण्याचे कारण नाही.

बालशिक्षणाच्या क्षेत्रात ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी येथे १९४५ पासून व कोसबाड येथे १९५७ पासून केलेले कार्य याच संदर्भात लक्षणीय ठरते. परिसरात मिळणारी पाने, बिया, शिंपले, माती यांतून शैक्षणिक साधने तयार करणे व स्थानिक स्त्रियांना शिक्षिका म्हणून घडविणे, ही त्याची वैशिष्ट्ये होत. ज्या माँटेसरी पद्धतीची प्रेरणा या कार्यामागे होती, तिच्यात मुक्त चित्रणाला फारसे उत्तेजन नव्हते. हाताची पूर्वतयारी आधी व्हावी, असा माँटेसरीचा आग्रह होता. ही मतभिन्नता आजही बालशिक्षिकांच्या प्रशिक्षणात अधूनमधून डोके वर काढते.

शिक्षकाची भूमिका सर्वांत कठोरपणे मर्यादित करणारी पद्धत आर्नो स्टर्न (१९२४–२०२४) याची होय. १९४६ साली पॅरिसनजीक युद्धात अनाथ झालेल्या मुलांच्या वसतिगृहात त्याने कामास सुरुवात केली व पुढे पॅरिसमध्ये चित्रणासाठी एक बंदिस्त खोली सिद्ध केली. भिंतीवर टाचणीने लावलेले कागद, मध्यभागी अठरा रंगांचे लांबट मेज, प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र कुंचले आणि उभ्याने रंगविणारी मुले अशी तिची रचना. तेथील प्रौढ व्यक्ती शिक्षक नव्हे, तर सेवक असते. टाचणी सरकविणे, ओघळ पुसणे, उंचावर हात पोहोचावा म्हणून चौरंग देणे, एवढेच तिचे काम. चित्राचा अर्थ विचारला जात नाही, स्तुती होत नाही व चित्रांचे प्रदर्शनही भरत नाही. स्तुती वर्ज्य करण्याचे कारण विचारात घेण्याजोगे आहे. ज्या चित्राची वाहवा होते, तेच मूल पुनःपुन्हा काढू लागते. म्हणजे ते स्वतःसाठी रंगविण्याचे थांबून प्रेक्षकासाठी रंगवू लागते.

अशा अध्यापनासाठी शिक्षकाची तयारी व्याख्यानांनी होत नाही. प्रशिक्षणार्थीने प्रथम स्वतः रंगवावे लागते आणि तेही विषय न ठरविता. आपल्याला चित्र येत नाही, ही बहुतेक प्रौढांची समजूत असते. तिचा उगम बालपणी मिळालेल्या एखाद्या शेऱ्यात किंवा गुणांकात आढळतो. कोऱ्या कागदासमोरील संकोच, चित्र बिघडण्याची भीती, पूर्ण झाल्याचे वाटत असतानाही पुढे जाण्यातील आनंद यांचा अनुभव ज्याने घेतला नाही, त्याला मुलाची अडचण ओळखता येणे दुरापास्त होय. दुसरा टप्पा निरीक्षणाचा. एकाच मुलाकडे दीर्घकाळ पाहून त्याने पहिली रेषा कोठे ओढली, कागद केव्हा फिरविला, कोणता रंग टाळला, कोठे थांबून इतरांकडे पाहिले, यांची नोंद ठेवावयाची असते. शेवटचे चित्र पाहून या गोष्टी कळत नाहीत. काळ्या रंगाखाली दडलेले घर केवळ पाहणाऱ्यालाच ठाऊक असते. तिसरी बाब बोलण्याची. ‘हे काय काढलेस?’ हा निरुपद्रवी वाटणारा प्रश्नही मुलाला उत्तरासाठी वस्तू शोधावयास लावतो. त्याऐवजी रंग संपला आहे काय, कागद आणखी जोडावयाचा काय, अशी कामाची विचारणा पुरेशी ठरते.

साहित्याची सिद्धता हाही प्रशिक्षणाचाच भाग असून ग्रामीण शाळांच्या दृष्टीने त्याला विशेष महत्त्व आहे. गेरू, पिवळी माती, चुना, काजळी व नीळ यांत बाभळीच्या डिंकाचे पाणी मिसळून रंग करता येतात. शिंदीची किंवा बांबूची काडी ठेचून कुंचला होतो. जुनी वृत्तपत्रे कागदाचे काम भागवितात. विकतच्या रंगपेटीतील लहान वड्या मुलाला काटकसर शिकवितात, हे खरे. पण हात मोकळा होण्यास भरपूर रंग लागतो.

राजूर (जि. जालना) हे मराठवाड्यातील प्रसिद्ध गणेशस्थान. अशा ठिकाणच्या मुलाच्या चित्रात गणपती येणे स्वाभाविक आहे. त्याची सोंड कानापेक्षा आखूड व मूषक देवाहून मोठा असेल, तर हात शिवशिवतो तो शिक्षकाचा. फळ्यावर आकड्यांपासून साधलेला सुबक गणपती काढून दाखविला की सारा वर्ग एकसारखे गणपती काढतो, पालकांनाही समाधान वाटते. आणि यात्रेच्या गर्दीत त्या मुलाने स्वतः जे पाहिले होते ते कागदाबाहेरच राहते.

या पद्धतीवर घेतले गेलेले आक्षेपही दुर्लक्षणीय नाहीत. सिझेकच्या विद्यार्थ्यांची चित्रे परस्परांशी विलक्षण मिळतीजुळती दिसतात; त्यावरून मुक्ततेच्या नावाखालीही शिक्षकाची अभिरुची नकळत संक्रमित होते, असे टीकाकारांनी दाखवून दिले. मुले एकमेकांच्या व भोवतालच्या चित्रांतून शिकतात, हेही संशोधकांनी नोंदविले आहे. वारली चित्रपरंपरेत लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणींचे कसब पाहून व सोबत हात चालवूनच पुढच्या पिढीत उतरले. तेथे अनुकरण आणि सहजता यांत विरोध नाही. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांची स्वतंत्र प्रतिभा याच ठरीव आकारांच्या परंपरेतून फुलली. यांखेरीज दहा-अकरा वर्षांच्या सुमारास मुलांना स्वतःलाच चित्र हुबेहूब यावेसे वाटू लागते. तेव्हा तंत्र विचारणाऱ्या मुलाला ते नाकारणे, ही अलिप्तता नसून उपेक्षा होय. हस्तक्षेप न करणे व लक्ष न देणे यांतील भेद ज्या प्रशिक्षणात स्पष्ट होत नाही, ते निष्फळ ठरते.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ व राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० यांनी कलेला अध्यापनात महत्त्वाचे स्थान दिले आहे. तथापि बालकांच्या शिक्षणहक्क अधिनियमात (२००९) कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, ती सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी व तीही शंभराहून अधिक पट असलेल्या शाळांपुरती. ज्या वयात अंतःप्रेरित चित्रण सर्वांत जोमदार असते, त्या पहिली ते पाचवीच्या वर्गांत चित्रकलेचा तास बहुधा वर्गशिक्षकाकडेच असतो आणि त्याच्या अध्यापकपदविकेत कला हा अनेक विषयांपैकी एक असतो. उलट माध्यमिक स्तरावर रेखाकला परीक्षेतील श्रेणीनुसार शालान्त परीक्षेत वाढीव गुण देण्याची प्रथा सुरू झाल्यापासून चित्रकलेकडे ओढा वाढला, पण तो पुन्हा पूर्ण झालेल्या चित्राकडेच. प्रक्रियेचे मूल्यमापन करावयाचे झाल्यास मुलाची वर्षभराची सर्व चित्रे, फसलेलीसुद्धा, तारखेनिशी जपून क्रमाने पाहणे हा एक व्यवहार्य मार्ग आहे. त्यासाठी शाळेत लागते ते एक कपाट आणि ती चित्रे एकत्र बसून वाचण्याची सवय असलेले शिक्षक.