बग्गीला लागलेला ‘जास्ती’चा मोह

दुकानातल्या रिमोटच्या गाडीत सेल घातले की ती धावू लागते. शर्यतीच्या इलेक्ट्रिक बग्गीचं तसं नसतं. खऱ्या गाडीच्या एक-दशांश आकाराच्या या बग्गीचं खोकं उघडलं की आत निघतात सुट्या भागांच्या पिशव्या, मूठभर स्क्रू आणि एक जाडजूड माहितीपुस्तिका. मोटर, तिच्यावर हुकूम चालवणारा ईएससी, चाकं वळवणारा सर्वो, रिसीव्हर, बॅटरी आणि बहुतेक वेळा टायरसुद्धा वेगळे विकत घ्यावे लागतात. बॉडी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असते. तिला रंग द्यायचा तो आतल्या बाजूने, म्हणजे गाडी उलटीपालटी झाली तरी तो खरवडून जात नाही.

जुळवणी पुस्तिकेबरहुकूम होते. खरी परीक्षा त्यानंतर, गाडी ‘लावताना’ सुरू होते आणि इथेच नवख्यांची फसगत होते. त्यांचे गैरसमज वरवर वेगवेगळे दिसले तरी त्यांच्या मुळाशी एकच हिशेब असतो : जास्त ताकद, जास्त घट्टपणा, जास्त चार्ज, म्हणजे जास्त वेग.

गैरसमज : चारही चाकं फिरतात म्हणजे गाडी घसरणारच नाही

वस्तुस्थिती अशी की टायर जमिनीला किती धरेल हे रबर, टायरवरची नक्षी, माती आणि चाकावरचा भार ठरवतात. फोर व्हील ड्राइव्ह त्या पकडीत भर घालत नाही, ती चारही चाकांकडून वापरून घेते. म्हणून वळणातून बाहेर पडताना अशी बग्गी टू व्हील ड्राइव्हपेक्षा लवकर वेग घेते. पण पुढच्या टायरना आता दोन कामं पडतात, गाडी ओढायची आणि वळवायचीही. वळणाच्या मध्यावर थ्रॉटल जास्त दाबला की ओढण्यातच पकड संपते आणि गाडी वळायचं सोडून सरळ बाहेर जाते.

या दोन प्रकारांत फरक इतका आहे की १९८५ साली कॅलिफोर्नियात डेल मार इथे झालेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेपासूनच फोर व्हील ड्राइव्हचं विजेतेपद वेगळं दिलं गेलं. ते गिल लोसी ज्युनिअरने योकोमोच्या गाडीवर जिंकलं. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या रॉम्सी इथे जपानचा मासामी हिरोसाका शूमाखर कंपनीच्या ‘कॅट’ बग्गीवर जगज्जेता झाला. कारकिर्दीत त्याने एकूण १४ जागतिक विजेतेपदं मिळवली.

गैरसमज : डिफरन्शियल जितकं घट्ट, तितकी ताकद जमिनीत

मळणीच्या वेळी तिवड्याभोवती फिरणाऱ्या बैलांच्या पातीत कडेच्या बैलाला आतल्यापेक्षा लांब चालावं लागतं. वळणावर बाहेरच्या चाकाचं तेच होतं. दोन्ही चाकांना आपापल्या वेगाने फिरू देणं हे डिफरन्शियलचं, ट्रॅकवरच्या भाषेत डिफचं, काम. ते पार जाम केलं तर एक ना एक टायर फरफटत जाणारच.

आजच्या बहुतेक बग्ग्यांत गिअरचं डिफ असतं आणि त्यात सिलिकॉनचं तेल भरतात. तेलाचा दाटपणा सीएसटी या एककात मोजतात आणि हे आकडे हजारांत असतात. पुढच्या डिफमध्ये साधारण ५,००० ते १०,००० आणि मागे बहुधा त्याहून पातळ तेल, अशी सुरुवात पुष्कळ जण करतात. पुढे दाट तेल घातलं तर गाडी वळणात शिरताना शांत राहते आणि थ्रॉटल दिल्यावर चांगली ओढते. पातळ घातलं तर वळणात चटकन शिरते. मागचं तेल फार दाट झालं की वळणात मागच्या टायरची बाजूची पकड कमी होते आणि शेपूट निसटते.

गैरसमज : स्क्रू आवळून घट्ट केला की गाडी पक्की

धातूत जाणाऱ्या स्क्रूला थ्रेडलॉकचा, म्हणजे आटे जखडून ठेवणाऱ्या द्रवाचा, थेंब हवा, नाहीतर तो कंपनांनी सुटतो. प्लास्टिकमध्ये जाणारा स्क्रू मात्र टेकला की थांबायचं, पुढे आवळला तर प्लास्टिकमधले आटेच निघून येतात. सस्पेन्शनच्या आर्मची चाचणी सोपी आहे. शॉक, म्हणजे धक्के आवरणारा दांडा, काढून आर्म वर उचलून सोडला की तो स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. अडकत असेल तर पुढचं सगळं सेटिंग वाया जाणार.

गैरसमज : मोठी मोटर लावली की वेळ कमी होते

ब्रशलेस मोटरवरचा केव्ही हा आकडा ताकद सांगत नाही. विनाभार असताना दर व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेईल, एवढंच तो सांगतो. ४,००० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टवर साधारण २९,६०० फेरे घेईल. मोटरवरच्या पिनियनला २० दाते, स्पर गिअरला ८० आणि गाडीच्या आतलं गुणोत्तर २.५ धरलं, तर मोटरच्या दहा फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी पडते. टायरचा व्यास ८५ मिलिमीटर असेल तर कागदावरचा कमाल वेग ताशी ४७ किलोमीटरच्या आसपास येतो.

पिनियन २२ दात्यांचं केलं की तोच वेग ५२ वर जातो. हे दोन दाते फुकट मिळत नाहीत. चाकाला मिळणारी पिळाची ताकद सुमारे नऊ टक्क्यांनी घटते. गाडी वेग घेताना मोटर जास्त करंट ओढते आणि तापते. अती तापली तर तिच्यातल्या चुंबकाचा जोर कायमचा कमी होतो. त्यातून ट्रॅकवर सरळ पट्टा असतो थोडा, बाकी सगळी वळणं आणि उड्या. अशा ठिकाणी बेताची मोटर भरधाव मोटरला सहज मागे टाकते, कारण तिचा थ्रॉटल चालकाला पूर्ण वापरता येतो.

गैरसमज : शॉक कडक केले की गाडी स्थिर

स्प्रिंग भार पेलते, तर शॉकमधलं तेल हालचालीचा वेग आवरतं. ही दोन कामं वेगळी आहेत. खडबडीत मातीवर शॉक फार कडक असतील तर चाक प्रत्येक उंचवट्यावर उडतं आणि हवेत असलेलं चाक ना ओढतं ना वळवतं. चाक खड्ड्यात खाली उतरायलाही वाव हवा. तेल भरताना पिस्टन सावकाश वरखाली करून बुडबुडे बाहेर काढावे लागतात. डाव्या-उजव्या शॉकची लांबी सारखी नसेल तर गाडी एका बाजूला वेगळी वळते, आणि चालक दोष देत बसतो टायरला. जमिनीपासून चॅसीची उंची मातीवर साधारण २० मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. भरपूर पकड देणाऱ्या कार्पेटच्या ट्रॅकवर ती आणखी कमी करतात, नाहीतर वळणावर गाडी कलंडते.

गैरसमज : गाडी हवेत गेली की सगळं देवाच्या हवाली

उडीत थ्रॉटल दिला की चारही चाकं वेगाने पुढच्या दिशेला फिरतात आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून चॅसी उलट दिशेला फिरते, म्हणजे नाक वर येतं. ब्रेक दाबला की चाकं थांबतात आणि नाक खाली झुकतं. एकूण कोनीय संवेग कायम राहतो, त्यामुळे असं घडतं. इथे चारही चाकं कामाला येतात, म्हणून फोर व्हील ड्राइव्ह बग्गी हवेत विशेष ऐकते. निष्णात चालक उतारावर उतरताना नाक नेमकं त्या उताराच्या कोनात आणतो.

गैरसमज : लायपो बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवावी

शर्यतीत दोन सेलची बॅटरी वापरतात. तिचं नाममात्र व्होल्टेज ७.४ आणि पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट. त्याच्या पुढे एक पायरीही जायचं नाही. ५,००० एमएएचची बॅटरी ५ अँपिअरने आणि बॅलन्सची तार जोडूनच चार्ज करावी. निकेलच्या सेलसाठी बनवलेला चार्जर इथे चालत नाही, कारण चार्ज कधी थांबवायचा हे तो वेगळ्या रीतीने ओळखतो.

महाराष्ट्रात पावसाळ्यात उघड्यावरच्या मातीच्या ट्रॅकचा चिखल होतो आणि गाड्या महिनोन्‌महिने कपाटात पडून राहतात. अशा वेळी बॅटरी भरलेलीही नको आणि रिकामीही नको, प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवावा. फुगलेली बॅटरी परत वापरू नये, दाबून सपाट तर अजिबात करू नये. विमानाने स्पर्धेला जाताना सुटी बॅटरी चेक-इनच्या सामानात ठेवायला बंदी आहे. ती टर्मिनल झाकून केबिनमध्येच न्यावी लागते.

गैरसमज : जगज्जेत्याचा सेटअप उतरवला की झालं

नामवंत चालकांचे सेटअपचे तक्ते सहज मिळतात, पण प्रत्येक तक्ता एका ट्रॅकचा, एका दिवसाचा आणि एका हाताचा असतो. कार्पेटसाठी लिहिलेला तक्ता लाल मातीवर गाडीला घसरगुंडीवर बसवतो. म्हणून आधी टायर ठरवायचे, मग उंची, मग शॉक आणि डिफ. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बॅटरी दर वेळी सारखीच भरलेली हवी, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. घड्याळही नीट वाचायला हवं. अनेकांचा डोळा सर्वांत वेगवान फेरीवर असतो, पण पात्रता फेरी साधारण पाच मिनिटं चालते आणि निकालाच्या कागदावर नावापुढे पडतात ते त्या वेळात झालेल्या एकूण फेऱ्या आणि शेवटची फेरी संपली तेव्हाची वेळ.