नाण्याला किती गुण?

जर्मनीतल्या नाणेविक्रेत्याच्या यादीत एखाद्या नाण्यापुढे ‘श्योन’ असे लिहिलेले असते. श्योन म्हणजे सुंदर. पण नाणे हातात घेतले तर ते चांगलेच झिजलेले निघते. राजाच्या केसांच्या बटा सपाट झालेल्या, कपाळ गुळगुळीत. मग विक्रेत्याने फसवले का? नाही. तिथल्या प्रतवारीत ‘सुंदर’ ही खालची पायरी आहे. तिच्यावर ‘अतिसुंदर’, त्यावर ‘उत्कृष्ट’ आणि सर्वांत वर टाकसाळीची चकाकी जशीच्या तशी टिकलेले नाणे. वस्तू एकच, पण तिचा दर्जा सांगणारे शब्द देशागणिक वेगळे. असे का होते आणि त्यातून आपल्याला काय शिकता येईल, ते पाहू.

आधी दर्जा ठरतो कसा, ते समजून घेऊ. नाणे दोन पोलादी ठशांमध्ये दाबून पाडतात. दाबामुळे धातू ठशाच्या खोलगट भागांत शिरतो व त्याच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नवे नाणे प्रकाशात तिरपे फिरवले की चमक गोल फिरताना दिसते, ती या रेषांमुळे. नाणे हातोहाती फिरू लागले की सर्वांत उंच भाग आधी घासतात. चेहऱ्याचा गाल, केस, मुकुट यांवरची झीज म्हणूनच प्रथम पाहतात. मात्र ठसा मुळातच नीट उमटला नसेल, तर कोरे नाणेही झिजलेले वाटते. अशा वेळी चमक पाहावी लागते, कारण झीज झालेल्या जागेची चमकही गेलेली असते. चिंच किंवा राखेने घासून लखलखीत केलेल्या नाण्याची किंमत संग्राहकाच्या लेखी उलट घटते, तेही याच कारणाने. घासताना मूळचा पृष्ठभागच निघून जातो.

आता वेगवेगळ्या देशांतील पद्धती पाहू. ब्रिटनमध्ये फेअर, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन आणि अनसर्क्युलेटेड, म्हणजे चलनात न फिरलेले, अशी उतरंड आहे. अमेरिकेतही शब्द जवळपास हेच आहेत, पण ब्रिटिश परंपरेतला ‘एक्स्ट्रीमली फाइन’ अधिक कडक समजला जातो. लंडनमध्ये या दर्जाचे ठरलेले नाणे अमेरिकेत एक पायरी वर चढू शकते. इटलीत व फ्रान्समध्ये ‘एसपीएल’ हे एकच संक्षिप्त रूप वापरतात. त्याचा मूळ अर्थही एकच, ‘झगमगीत’. पण इटलीत त्याचा अर्थ साधारण ‘एक्स्ट्रीमली फाइन’ असा होतो, तर फ्रान्समध्ये जवळजवळ न वापरलेले नाणे असा. स्वीडनच्या जुन्या पद्धतीत अंक आहेत, पण तिथे सर्वांत उत्तम नाण्याला शून्य मिळते व ‘१’ हा मध्यम दर्जा ठरतो. अमेरिकेत मात्र ‘१’ म्हणजे कसेबसे ओळखू येणारे नाणे!

अमेरिकेतली अंकांची पट्टी १९४९ मध्ये विल्यम शेल्डन यांनी मांडली. ते व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ. माणसांच्या शरीरयष्टीलाही त्यांनी अंक दिले होते. त्यावरून स्वभाव ओळखण्याची त्यांची कल्पना पुढे शास्त्राने नाकारली. नाण्यांची पट्टी त्यांनी अमेरिकेच्या तांब्याच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी बनवली. कल्पना सोपी होती. दर्जा १ च्या नाण्याची किंमत १ डॉलर असेल, तर दर्जा २० च्या नाण्याची २० डॉलर आणि ७० च्या निर्दोष नाण्याची ७० डॉलर. म्हणजे अंक हा किमतीचा गुणक होता. पुढे बाजारभाव बदलले, हे गणित मोडले, पण अंक उरले. १९७७ मध्ये अमेरिकन न्यूमिस्मॅटिक असोसिएशनने हीच पट्टी आपल्या देशाच्या सर्व नाण्यांसाठी प्रमाण मानली.

पीसीजीएसने १९८६ मध्ये आणि एनजीसीने १९८७ मध्ये नाणी तपासून, अंक देऊन, प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत घालून देण्याचे काम सुरू केले. पट्टी ७० ची असली तरी तिच्यावर मुख्य अंक ३० च वापरतात. ४० नंतर एकदम ४५ येतो, ४१ नाहीच. उलट ६० ते ७० हे सर्व ११ अंक कधीही न वापरलेल्या नाण्यांसाठी आहेत. तिथे झीज नसतेच. बारीक ओरखडे, चमक व एकूण देखणेपणा यांवर निर्णय होतो. आणि नेमका इथेच एका अंकाने किमतीत कित्येक पट फरक पडू शकतो. म्हणून काही व्यापारी डबी फोडून तेच नाणे पुन्हा तपासायला पाठवतात. कधी कधी दुसऱ्या वेळी अंक बदललेला येतो. नाणे तेच, बदलला तो परीक्षकाचा निर्णय.

येथे विज्ञानाचा एक महत्त्वाचा मुद्दा आहे. वजनकाट्यावर १० ग्रॅम व ११ ग्रॅम यांतला फरक ६४ व ६५ ग्रॅम यांतल्या फरकाएवढाच असतो. शेल्डनच्या पट्टीवर तसे नाही. हे अंक फक्त क्रम सांगतात, अंतर सांगत नाहीत. खनिजांच्या कठीणपणाची मोहची पट्टीही अशीच आहे. तिच्यात कुरुंद ९ व हिरा १०, पण हिरा कुरुंदापेक्षा कित्येक पटींनी कठीण आहे. निर्णयाला अंक चिकटवला म्हणून त्याचे मोजमाप होत नाही. हे ओळखून प्राचीन नाण्यांसाठी एनजीसीने वेगळा मार्ग धरला. ती नाणी हाताने पाडलेली असल्याने झिजेचा दर्जा शब्दांत देतात, आणि ठशाचा उठाव व पृष्ठभाग यांना प्रत्येकी ५ पैकी वेगळे गुण देतात. त्यामुळे नाणे नेमके कशात कमी पडले, ते कळते.

हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. एकाच छापाची, वेगवेगळ्या वर्षांची, दहा नाणी घ्या आणि त्यांना चिठ्ठ्या लावा. प्रत्येक विद्यार्थ्याने एकमेकांशी न बोलता आधी त्यांचा क्रम लावावा, मग १०० पैकी गुण द्यावेत. आठवड्याने पुन्हा तेच करावे. क्रमात किती एकमत होते, गुणांत किती, आणि स्वतःचेच पहिले गुण किती जणांना पुन्हा गाठता आले, हे फळ्यावर मांडावे.

त्यानंतर आपल्या टेबलावरच्या निबंधाच्या उत्तरपत्रिकांकडे पाहावे. तिथेही आपण निर्णयालाच अंक देतो. एकाला ६४, दुसऱ्याला ६५, आणि त्या एका गुणावर कधी कधी प्रवेश ठरतो. नाण्याची डबी फोडून ते पुन्हा तपासायला पाठवता येते. विद्यार्थ्याच्या बाबतीत गुण देण्याआधीच आपले निकष लिहून काढणे आणि काही उत्तरपत्रिका दुसऱ्या शिक्षकाकडून तपासून घेणे, एवढे तर आपल्या हाती आहे.