कचेरी कोणासाठी?

सरकारी सेवा म्हटली की खिडकी, रांग आणि छापील अर्ज डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु तो अर्ज ज्याने भरावयाचा त्याचे गाव, त्याची भाषा आणि त्याचा बुडणारा रोज ध्यानात घेऊन ती सेवा आखली आहे काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. माणसाला मध्यभागी ठेवून कारभार रचावा, असे म्हणतात ते यासाठीच.

पांढुर्णा व सौसर या तहसिलींचेच पाहा. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. हा मराठी मुलूख मध्य प्रदेशात राहिला. जिल्ह्याच्या कामासाठी सातपुडा चढून छिंदवाड्यास जावे लागे. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि अंतराची अडचण पुष्कळ कमी झाली.

दुसरी अडचण वेळेची. मध्य प्रदेशाने २०१० साली लोकसेवा हमीचा कायदा केला. त्यात ठरलेल्या सेवांना मुदत आहे, अपिलाची सोय आहे, आणि विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास दिवसाला २५० रुपये, कमाल ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे. विलंबाचा भार प्रथमच खिडकीच्या आतल्या बाजूस गेला.

तिसरी अडचण शब्दांची. लिपी एकच, म्हणून हिंदी कागद वाचता येतो. पण वाचणे म्हणजे समजणे नव्हे. आपल्या ‘फेरफारा’स तेथे ‘नामांतरण’ म्हणतात. ‘राजीनामा’ म्हणजे आपल्याकडे पद सोडणे, तर हिंदी कोर्टकचेरीत आपसांतील तडजोड! आम्ही घरी कोंकणी बोलतो व शाळेत मराठी शिकवितो. शब्दाच्या उंबरठ्यावर अडखळणे म्हणजे काय, हे आम्हांस ठाऊक आहे. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने गाऱ्हाण्याचा अर्ज देशात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क ठाऊक नसेल, तर शेतकरी न समजलेल्या कागदावरही अंगठा उठवितो, आणि त्यात जमिनीचा तुकडाही जाऊ शकतो.

विद्यार्थीमित्रहो, सुटीत एक काम करा. एखादा सरकारी अर्ज आणा आणि तो आजीला सावकाश वाचून दाखवा. ती जेथे ‘म्हणजे काय रे?’ असे विचारील, त्या शब्दाखाली रेघ ओढा. दोष आजीचा नाही, त्या शब्दाचा आहे. अशा रेघा मारलेला कागद ग्रामसभेत मांडा. अर्ज सुधारण्याचा खरा आरंभ तेथूनच होईल.