पेज पातळ, पोट लहान

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या बालकांच्या पूरक आहाराविषयी, म्हणजे अंगावरच्या दुधाच्या जोडीने सुरू होणाऱ्या वरच्या अन्नाविषयी, नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत असे म्हटले आहे की, ज्या बाळाला सहा ते अकरा महिन्यांच्या वयात काही कारणाने आईचे दूध मिळत नाही, त्याला डब्यातील पावडरचे दूध किंवा गाई-म्हशींसारख्या जनावराचे दूध यांपैकी कोणतेही देता येईल. वर्ष उलटल्यावर जनावराचे दूध पुरेसे आहे आणि ‘फॉलो-अप फॉर्म्युला’, म्हणजे डब्यावर दोन किंवा तीन असा टप्प्याचा आकडा छापून विकली जाणारी पुढच्या वयाची पावडर, देण्याची शिफारस नाही. वृत्तपत्रांत या शिफारशीची फारशी चर्चा झाली नाही, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही, कारण एखादी वस्तू विकत घेण्याची गरज नाही हे सांगणाऱ्या बातमीला जाहिरातदार मिळत नसतो.

टप्प्यांच्या या पावडरीविषयीची शंका जुनीच आहे. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या विक्रीतंत्राला आळा घालणारी संहिता स्वीकारली, आणि १९८६ मध्ये त्याच सभेने ठराव करून असे नोंदवले की, काही देशांत मोठ्या बाळांसाठी वेगळे ‘फॉलो-अप’ दूध देण्याची जी प्रथा पडत आहे, तिची आवश्यकता नाही. भारताने १९९२ च्या कायद्याने दुधाची पावडर आणि दूध पाजण्याची बाटली यांच्या जाहिरातीवर, मोफत नमुन्यांवर आणि डॉक्टरांना दिल्या जाणाऱ्या भेटवस्तूंवर बंदी घातली, आणि २००३ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या बालकांचे सारेच तयार अन्न या बंदीच्या कक्षेत आणले. तरीही एप्रिल २०२४ मध्ये ‘पब्लिक आय’ या स्वित्झर्लंडमधील संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅक या तयार बालान्नाच्या पंधरा प्रकारांची तपासणी जाहीर केली, तेव्हा एका वेळच्या खाण्यामागे सरासरी २.७ ग्रॅम वरून घातलेली साखर आढळली, आणि जर्मनी व ब्रिटनमध्ये मात्र त्याच कंपनीचे तशाच वयासाठीचे अन्न साखरेविना विकले जात होते.

तथापि कोणता डबा आणि कितव्या टप्प्याचा, हा प्रश्न मुळात दुय्यम आहे. सहा महिन्यांनंतर बाळाचे पोषण अडते ते बहुतेक वेळा वाटीत, आणि हे समजून घेण्यासाठी छत्तीसगडमधील अभनपूरसारखा भाताचा मुलूख सोयीचा आहे. रायपूरच्या दक्षिणेस धमतरीच्या रस्त्यावर असलेल्या या तालुक्याच्या गावाच्या आसपास जिकडे तिकडे धानाची शेते आहेत. भात हेच मुख्य अन्न, रात्रीचा भात पाण्यात ठेवून सकाळी खाल्ली जाणारी ‘बासी’ ही रोजची न्याहारी, आणि भाताचे निथळलेले पाणी, ज्याला तिकडे ‘पसिया’ म्हणतात, तेही वाया न घालवण्याची रीत. अशा घरात बाळाच्या तोंडी पहिले अन्न लागते ते भाताचेच, आणि घशात अडकू नये म्हणून ते पातळ केलेले असते. धानाच्या रोपणीच्या दिवसांत आई दिवसभर शेतात असते आणि बाळाला भरवण्याचे काम आजीकडे किंवा थोरल्या बहिणीकडे जाते, तेव्हा ते आणखी पातळ होण्याचा संभव असतो, कारण पातळ अन्न लवकर भरवून होते.

या पातळपणाचा हिशेब सोपा आहे. बाळाचे जठर एका वेळी वजनाच्या दर किलोमागे सुमारे तीस ग्रॅम अन्न सामावून घेते, म्हणजे आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण २४० ग्रॅम अन्न मावते. शंभर ग्रॅम पेजेत दहा ग्रॅम तांदूळ असेल तर तिच्यातून सुमारे पस्तीस किलोकॅलरी मिळतात, म्हणजे पोट गच्च भरूनही बाळाला पंच्याऐंशीच्या आसपासच ऊर्जा मिळते, तर आईच्या दुधाच्या तेवढ्याच मापात दीडशेहून अधिक असते. जे बाळ अंगावर पीत आहे त्यालासुद्धा सहा ते आठ महिन्यांच्या वयात वरच्या अन्नातून रोज सुमारे दोनशे आणि नऊ ते अकरा महिन्यांत तीनशे किलोकॅलरी लागतात. जे पीत नाही त्याला दूध आणि अन्न मिळून रोज सहाशे ते सातशे लागतात. पेजेत तांदूळ दुप्पट केला की ऊर्जाही दुप्पट होते, पण मग तिचा लगदा होतो, चमचा त्यात उभा राहतो आणि सात महिन्यांचे बाळ तो जिभेने बाहेर ढकलते. पोषणशास्त्रात या पेचाला आहाराचा ‘बोजा’ म्हणतात: अन्न पातळ केले तर ऊर्जा कमी पडते, दाट केले तर ते गिळले जात नाही.

पेच ज्या कारणाने पडतो ते पिष्टाच्या, म्हणजे स्टार्चच्या, रचनेत आहे. धान्यातील पिष्ट हे ग्लुकोजच्या हजारो कणांच्या लांबच लांब साखळ्यांचे बनलेले असते. थंड पाण्यात त्या कणिकांच्या स्वरूपात घट्ट बांधलेल्या असतात, पण पाणी तापले की कणिका फुगतात, साखळ्या बाहेर येतात, एकमेकींत गुंततात आणि आसपासचे पाणी अडवून धरतात. शिजवलेल्या लांब शेवयांचा वाडग्यात गुंता झाला की तो एकसंध गोळा होऊन काट्याबरोबर वर उचलला जातो, पण त्याच शेवया कात्रीने बोटाच्या पेराएवढ्या कापल्या की वाडगा तिरपा करताच त्या ओघळू लागतात. शेवयांचे वजन तेवढेच राहिलेले असते. पेज पातळ करण्याचे दोन मार्ग आहेत, एक पाणी वाढवण्याचा आणि दुसरा कात्रीचा, आणि मोड आलेल्या धान्याच्या प्रत्येक दाण्यात ही कात्री तयार असते.

दाणा भिजला की त्यातील अंकुर जिबरेलिन नावाचे संप्रेरक सोडतो, त्याचा संदेश मिळताच दाण्याच्या सालीखालील पेशींचा थर ‘अमायलेज’ हे विकर बनवू लागतो आणि ते विकर पिष्टाच्या साखळ्या कापून कोंबासाठी साखर मोकळी करते. कोंब फुटल्यावर दाणे वाळवले की विकर तसेच टिकून राहते. अशा धान्याच्या पिठाला माल्ट म्हणतात, आणि बिअर गाळणाऱ्यांना त्याचा उपयोग हजारो वर्षांपासून माहीत आहे.

माल्ट बाळाच्या अन्नात आणण्याचे श्रेय जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांना जाते. आपल्या मुलीला तिच्या बाळाला अंगावर पाजता येत नसल्याने त्यांनी १८६५ च्या सुमारास गव्हाचे पीठ, माल्टचे पीठ, गाईचे दूध आणि थोडे पोटॅशियम बायकार्बोनेट यांचे ‘अर्भकांसाठी सूप’ तयार केले आणि ते आईच्या दुधाच्या बरोबरीचे असल्याचा दावा केला. १८६७ मध्ये पॅरिसमधील प्रसूतितज्ज्ञ डपॉल यांनी ते चार नवजात अर्भकांना देऊन पाहिले आणि चारही काही दिवसांतच दगावली. नवजात बाळाच्या स्वादुपिंडातून अमायलेज जवळजवळ येतच नाही, ते पहिल्या काही महिन्यांत हळूहळू वाढते, हे तेव्हा कोणास माहीत नव्हते. लीबिग यांची युक्ती सहा महिन्यांच्या पुढच्या बाळासाठी उत्तम होती. त्यांनी ती सहा महिने आधी वापरली, आणि मोठ्या शास्त्रज्ञाच्या आत्मविश्वासाने वापरली.

पुढे या सूपाची पावडर झाली, लंडनमध्ये मेलिन नावाच्या व्यापाऱ्याने तिचा धंदा उभा केला, आणि त्याच्याकडे काम केलेला जेम्स हॉर्लिक हा औषधविक्रेता १८७३ मध्ये आधीच अमेरिकेत गेलेल्या भावाकडे जाऊन त्याच्यासह शिकागोत माल्टचे दूध बनवू लागला. बाळांसाठी सुरू झालेला हॉर्लिक्सचा हा डबा भारतात पोहोचेपर्यंत आजारी माणसांचा आणि परीक्षेला बसणाऱ्या मुलांचा झाला होता, ज्यांच्या स्वादुपिंडाला माल्टच्या मदतीची काहीएक गरज नसते.

ही कात्री पुन्हा योग्य वयाच्या बाळाच्या हाती देण्याचे काम भारतात झाले, आणि त्याची जेवढी दखल घ्यायला हवी तेवढी घेतली गेलेली नाही. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतील एन. जी. मल्लेशी आणि एच. एस. आर. देशिकाचार यांनी १९८० च्या आगेमागे मोड आणलेली नाचणी आणि मूग यांच्यापासून असे बालान्न तयार केले, जे दाट मिसळूनही शिजल्यावर पातळ राहते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याहून सोपा मार्ग काढला. सगळे धान्य मोडवण्याची गरज नाही, नेहमीच्या दाट पेजेत चमचाभर माल्टचे पीठ पुरते, हे त्यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मुद्दाम तांदळाच्या पेजेवर केलेल्या, प्रयोगांत दाखवले. तांदूळ शंभरात वीसच्या प्रमाणात शिजवून केलेला लगदा चुलीवरून उतरवावा, उकळी पूर्ण बसल्यावर, पण पातेले हाताला चांगले चटका देत असतानाच, चमचाभर मोडाच्या गव्हाचे पीठ त्यात टाकून ढवळावे; पहिले काही फेरे जड जातात, मग पळी एकदम सैल होते आणि काही मिनिटांत तोच लगदा चमच्यावरून धारेने पडू लागतो. विकराचे काम साठ ते सत्तर अंश तापमानाला जोरात चालते आणि उकळत्या पाण्यात ते नष्ट होते, म्हणून वेळ साधावी लागते. पेज सैल झाल्यावर तिला पुन्हा एक उकळी दिली की पिठातील जंतूंचाही बंदोबस्त होतो.

महाराष्ट्रातील वाचकांना हे वाचताना घरचे नाचणीचे सत्त्व आठवेल, आणि ते योग्यच आहे, कारण नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, सावलीत वाळवून दळण्याची ती कृती म्हणजे माल्ट करण्याचीच कृती होय. मात्र त्यात दोन ठिकाणी गफलत होते. काही घरांत मोडाची नाचणी खमंग वास येईपर्यंत भाजतात, त्याने चव सुधारते पण विकर मरते. काही घरांत ती वाटून, दूध गाळून, तळाशी बसलेला साका तेवढा वाळवतात, त्यात पिष्ट उरते आणि प्रथिने व खनिजे बरीचशी चोथ्याबरोबर जातात. ज्वारीच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते, कारण तिच्या कोंबांत आणि मुळांत सायनाइड सोडणारे ‘धुरिन’ हे द्रव्य तयार होते, म्हणून मोडाची ज्वारी कोंब पूर्ण चोळून काढल्याशिवाय बाळासाठी दळू नये.

माल्टचा अतिरेकी गौरवही टाळायला हवा. माल्ट पेजेत नवे काही घालत नाही, ते फक्त अधिक धान्य मावण्यास जागा करून देते, आणि त्याने मुलांची वाढ किती सुधारते हे मोजणाऱ्या चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे आलेले नाहीत. चमचाभर तेल किंवा तूप घातल्यानेही ऊर्जा वाढते, दाट वरण आणि अंडे प्रथिने देतात. डाळी नीट शिजणे मात्र महत्त्वाचे, कारण कच्च्या कडधान्यांत प्रथिनांचे पचन अडवणारी द्रव्ये असतात, ज्यांचा अभ्यास मुंबईत कमला सोहोनी यांनी १९५० च्या दशकातच केला होता.

लोहाचा प्रश्न याहून अवघड आहे. आईच्या पोटात असताना साठवलेले लोह बाळाला सुमारे सहा महिने पुरते, त्यानंतर ते अन्नातून यावे लागते, आणि पांढऱ्या तांदळात ते शंभर ग्रॅममागे एक मिलिग्रॅमसुद्धा नसते. गाईच्या दुधात ते नगण्य असते, आणि जनावराचे दूध की पावडर या वादात पावडरीच्या बाजूने खरा मुद्दा आहे तो हाच, की तिच्यात लोह घातलेले असते. मोड आल्याने धान्यातील फायटिक आम्ल, जे लोहाला बांधून ठेवते, काही प्रमाणात फुटते, पण तेवढ्याने भागत नाही. छत्तीसगडमध्ये २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षांची ६७.२ टक्के बालके रक्तक्षयी आढळली, आणि महाराष्ट्राची स्थितीही याहून बरी नव्हती. म्हणून सरकारी कार्यक्रमात या वयाला आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहयुक्त औषध द्यायचे असते, ज्यात वीस मिलिग्रॅम लोह असते.

आईचे दूध न मिळणाऱ्या बाळाला अंडी-मासे नियमित मिळत असतील तर रोज दोनशे ते चारशे मिलिलिटर, नसतील तर तीनशे ते पाचशे मिलिलिटर दूध पुरेसे होते. त्याहून अधिक दूध भुकेची जागा घेते आणि वाटीतले अन्न मागे राहते. पावडर वापरायची तर ती सत्तर अंशांहून कमी तापलेल्या पाण्यात कालवू नये, कारण कोरड्या पावडरीतही जंतू जिवंत राहू शकतात, आणि डबा अधिक दिवस पुरावा म्हणून मापात काटकसर करू नये. पैशांची चणचण असलेल्या घरात ही काटकसर होतेच, आणि तिचा परिणाम पातळ पेजेसारखाच असतो.

अभनपूरच्या अंगणवाडीत सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांसाठी घरी न्यायचे ‘रेडी टू ईट’ हे पाकीट मिळते, ज्यात गहू, हरभरा, सोयाबीन, शेंगदाणे आणि साखर यांचे भाजलेले पीठ असते. ऊर्जा आणि प्रथिने यांच्या दृष्टीने ते मऊ भातापेक्षा कितीतरी सरस आहे, पण भाजल्यामुळे त्यात अमायलेज उरत नाही, त्यामुळे ते कालवताना पाणी वाढवत नेण्याचा जुना मोह तसाच राहतो. चमचाभर मोडाचा गहू तिथे उपयोगी पडू शकतो, आणि राज्यात २००२ पासून घरोघरी जाणाऱ्या मितानिन, म्हणजे गावातीलच आरोग्य कार्यकर्त्या, तो कसा घालायचा हे दाखवू शकतील. मोडाचे पीठ फार दिवस न ठेवता थोडे थोडे आणि जवळपासच दळलेले बरे, आणि म्हणूनच हे पाकीट कोण बनवते याला महत्त्व आहे. पूर्वी ते गावोगावचे महिला बचत गट बनवत. २०२१ च्या अखेरीस राज्य सरकारने ते काम काढून राज्य बीज निगमाकडे दिले. २०२५ मध्ये नव्या सरकारने ते बचत गटांकडे परत देण्यास सुरुवात केली, पहिल्या टप्प्यात बस्तर, दंतेवाडा, रायगढ यांसह सहा जिल्ह्यांत. अभनपूर ज्यात येते तो रायपूर जिल्हा त्या सहांत नव्हता.