दिलेला शब्द आणि वीस डॉलरचा दंड

ऑस्ट्रेलियात मतदान शनिवारी होते. जवळच्या शाळेच्या आवारात रांग लागते, शाळेच्या मदतनिधीसाठी पालकमंडळी कडेला सॉसेज भाजत असतात, आणि पावात गुंडाळून मिळणाऱ्या त्या सॉसेजला लोकांनी ‘डेमोक्रसी सॉसेज’ असे नावच देऊन टाकले आहे. मत देणे ही तिथे मर्जीची गोष्ट नाही. १९२२च्या निवडणुकीत जेमतेम ५९ टक्के लोक मतदानाला आले. १९२४ साली मतदान सक्तीचे करणारा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी हा आकडा ९१ टक्क्यांवर गेला. आजही सबळ कारणाशिवाय मत न देणाऱ्याला देशपातळीवरच्या निवडणुकीत वीस डॉलरचा दंड होतो. पुण्या-नागपूरहून जाऊन तिथले नागरिकत्व घेतलेली मराठी कुटुंबेही याच रांगेत उभी असतात.

ही सक्ती मला मनापासून पटते. जो येणारच नाही त्याला विसरून जाण्याची सोय तिच्यामुळे पक्षांना उरत नाही. पण मतदार आणि पुढारी यांच्यातल्या व्यवहाराची एक बाजू अशी कायद्याने बांधलेली असताना दुसरी बाजू कशाने बांधलेली आहे? मतदाराने यायचेच, हे ठरलेले आहे. पुढाऱ्याने खरे बोलायचेच, दिलेला शब्द पाळायचाच, हे कुठे लिहिले आहे? गेल्या पन्नास वर्षांतल्या तिथल्या निवडणुका याच प्रश्नाभोवती फिरत आल्या आहेत.

मोडलेल्या शब्दांची यादी लांबलचक आहे. १९७७ साली पंतप्रधान माल्कम फ्रेझर यांच्या लिबरल पक्षाने करकपातीच्या जाहिरातीत मूठभर नोटा दाखवल्या. निवडणूक जिंकली आणि पुढच्याच वर्षी आयकरावर अधिभार बसवला. १९८७ मध्ये मजूर पक्षाचे पंतप्रधान बॉब हॉक यांनी प्रचाराच्या शुभारंभालाच सांगून टाकले की १९९०पर्यंत एकही ऑस्ट्रेलियन मूल दारिद्र्यात राहणार नाही. भाषणाच्या मसुद्यात शब्द जपून घातले होते: कुठल्याही मुलाला दारिद्र्यात राहण्याची गरज उरणार नाही. बोलण्याच्या भरात ‘गरज’ गळाली. हॉक सरकारने कुटुंबभत्ते खरोखर वाढवले, गरीब घरांतल्या मुलांना त्याचा फायदाही झाला. तरी लोकांच्या लक्षात राहिले ते फसलेले वाक्य, आणि हॉक यांना त्या वाक्याचा पुढे पश्चात्ताप झाला. चांगले कामही वाढीव शब्दाखाली कसे गाडले जाते, याचे याहून बोलके उदाहरण मला माहीत नाही.

हॉक यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या पॉल कीटिंग यांची गोष्ट वेगळी. आपली करकपात नुसते आश्वासन नाही, ती कायद्यात मंजूर झालेली आहे, हे ठसवण्यासाठी त्यांनी ‘लॉ’ या शब्दाची अक्षरे एकेक करून उच्चारली. मार्च १९९३ची निवडणूक त्यांनी जिंकली. मग कपातीचा दुसरा टप्पा लांबणीवर पडला आणि शेवटी ती रक्कम निवृत्तिवेतनाच्या खात्यात वळवायचे ठरले. विक्रीकर आणि इंधनावरचा करही वाढला. कायदा संसदेने केलेला असतो, संसद तो बदलू शकते, हे मतदाराला तेव्हा कळले. १९९६ मध्ये कीटिंग यांचा दणदणीत पराभव झाला.

त्यांच्या जागी आलेले जॉन हॉवर्ड सलग साडेअकरा वर्षे पंतप्रधान होते, आणि शब्द व विश्वास यांचा अभ्यास करायचा तर त्यांच्याइतका गुंतागुंतीचा माणूस दुसरा नाही. सत्तेवर येताच त्यांनी खर्चाला कात्री लावली आणि आश्वासनांचे दोन वर्ग पाडले: गाभ्याची आणि गाभ्याबाहेरची. मत मागताना हा फरक कोणी सांगितला नव्हता. तिथल्या राजकीय बोलीत ‘नॉन-कोअर प्रॉमिस’ हा शब्द तेव्हापासून रुजला तो कायमचा.

पण याच हॉवर्ड यांनी एक गोष्ट सरळ केली. वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, आपण कधीही आणणार नाही, असे १९९५ मध्ये त्यांनी ठासून सांगितले होते. पंतप्रधान झाल्यावर त्यांचे मत बदलले. त्यांनी कर गुपचूप आणला नाही. १९९८ची निवडणूकच त्या मुद्द्यावर लढवली. दोन पक्षांमधल्या थेट तुलनेत त्यांना ४९ टक्केच मते पडली, पण जागा जास्त आल्या आणि ते वाचले. ताजे अन्नधान्य वगळून १० टक्क्यांचा कर १ जुलै २००० पासून लागू झाला. शब्द फिरवायचाच असेल तर तो पुन्हा मतदाराच्या दारात नेऊन फिरवावा, हे मला योग्य वाटते. विचार बदलण्याचा अधिकार पुढाऱ्यालाही आहे. न विचारता बदलण्याचा नाही.

२००१चे प्रकरण मात्र माफ करण्याजोगे नाही. निवडणूक तोंडावर असताना ऑक्टोबरमध्ये मंत्र्यांनी जाहीर केले की आश्रय मागायला बोटीतून आलेल्या लोकांनी आपली मुले समुद्रात फेकली. पुरावा म्हणून छायाचित्रे दिली गेली. ती प्रत्यक्षात दुसऱ्या दिवशीची होती. बोट बुडत असताना नौदलाचे लोक माणसांना पाण्यातून वाचवत होते. एकही मूल फेकले गेले नव्हते, हे पुढच्या वर्षी सिनेटच्या चौकशीत स्पष्ट झाले. तोवर १० नोव्हेंबरची निवडणूक होऊन गेली होती. खोटे ज्यांच्याविषयी बोलले गेले त्यांना मत नव्हते, भाषा येत नव्हती आणि उत्तर द्यायला वर्तमानपत्र नव्हते. मोडलेल्या आश्वासनाने मतदाराचे नुकसान होते. इथे परक्या आईबापांच्या माणुसकीवरच डाग लावला गेला.

तीन वर्षांनी, ऑगस्ट २००४ मध्ये, हे प्रकरण पुन्हा वर आले. संरक्षणमंत्र्यांच्या एका माजी सल्लागाराने सांगितले की छायाचित्रांबद्दलची शंका आपण मतदानाआधीच पंतप्रधानांच्या कानावर घातली होती. त्याच महिन्यात हॉवर्ड यांनी निवडणूक जाहीर केली, आणि ती करताना प्रश्न कोणता विचारला? तुमचा विश्वास कोणावर आहे? त्यांचा रोख गृहकर्जाच्या व्याजदरांकडे होता. घर चालवायला, अर्थव्यवस्था सांभाळायला कोणावर विसंबाल, असा तो सवाल. हॉवर्ड वाढलेल्या बहुमताने निवडून आले. विश्वास हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरला जातो, हे इथे लख्ख दिसते. माणूस खरे बोलतो का, हा एक अर्थ. माझा हप्ता वाढणार नाही ना, हा दुसरा. २००४ मध्ये दुसऱ्या अर्थाने पहिल्यावर मात केली. मग व्याजदर सहा वेळा वाढले, त्यातला सहावा फटका २००७च्या ऐन प्रचारात बसला, आणि हॉवर्ड यांनी सरकारबरोबर बेनेलाँग ही स्वतःची जागाही गमावली.

आता मजूर पक्षाच्या पंतप्रधान ज्युलिया गिलार्ड. मतदानाच्या पाच दिवस आधी, १६ ऑगस्ट २०१० रोजी, त्या म्हणाल्या की माझ्या नेतृत्वाखालच्या सरकारात कार्बन कर येणार नाही. कार्बनला किंमत लावण्याची योजना मात्र त्यांनी नाकारली नव्हती. निकाल लागला तो त्रिशंकू: दोन्ही बाजूंना ७२ जागा. ग्रीन पक्ष आणि अपक्षांच्या आधाराने सरकार बनले, आणि १ जुलै २०१२ पासून टनामागे २३ डॉलर असा दर लागू झाला. सुरुवातीची तीन वर्षे ठरावीक दर आणि पुढे बाजारातला दर, अशी ती रचना होती. कर म्हणायचे की नाही, यावर गिलार्ड यांनी फार वाद घातला नाही; ‘कर’ हा शब्द चालवून घेतला. तिथेच त्या फसल्या. त्यांच्या नावात इंग्रजीतला ‘लायर’ मिसळून केलेला ‘जुलायर’ हा शब्द फलकांवर झळकू लागला, आणि स्त्री म्हणून त्यांच्यावर जे चिखलफेकीचे प्रकार झाले ते वाचताना आजही मान खाली जाते. २०१७ मध्ये, गिलार्ड यांच्या वेळचे विरोधी पक्षनेते टोनी अ‍ॅबट यांच्या कार्यालयाच्या माजी प्रमुख पेटा क्रेडलिन यांनी दूरचित्रवाणीवर मान्य केले की तो कार्बन कर नव्हताच, आम्ही त्याला तसे बनवले. म्हणजे शब्द मोडल्याचा आरोप काही अंशी खरा आणि काही अंशी रचलेला. गिलार्ड यांनी तडजोड कशासाठी केली हे पहिल्या आठवड्यातच लोकांना समजावून सांगायला हवे होते, असे माझे ठाम मत आहे.

त्यांना खोटारडे ठरवून सत्तेवर आलेले अ‍ॅबट निवडणुकीच्या आदल्या रात्री, ६ सप्टेंबर २०१३ रोजी, म्हणाले: शिक्षणात कपात नाही, आरोग्यात नाही, पेन्शनमध्ये बदल नाही, जीएसटीमध्ये बदल नाही, एबीसी आणि एसबीएस या प्रसारण संस्थांच्या निधीला हात नाही. मे २०१४च्या अर्थसंकल्पात शाळा आणि रुग्णालयांचा ठरलेला निधी आक्रसला, डॉक्टरकडच्या प्रत्येक भेटीला सात डॉलर घेण्याचा प्रस्ताव आला, एबीसीलाही कात्री लागली. सरकार कित्येक महिने म्हणत राहिले की शब्द मोडलेलाच नाही. डिसेंबरमध्ये अ‍ॅबट यांनी कबूल केले तेव्हा उशीर झाला होता. पुढच्या सप्टेंबरात त्यांच्याच पक्षाने त्यांना हटवले.

या सगळ्यांची तुलना केली की एक गोष्ट ठळक होते. ऑस्ट्रेलियन मतदार मोडलेला शब्द अनेकदा पोटात घालतो; आपल्याला मूर्ख समजून ‘मोडलाच नाही’ म्हणणाऱ्याला सोडत नाही. मजूर पक्षाचे पंतप्रधान अँथनी अल्बानीज यांचे उदाहरण ताजे आहे. आधीच्या सरकारने मंजूर केलेली तिसऱ्या टप्प्याची करकपात जशीच्या तशी ठेवू, हा शब्द त्यांनी २०२२ मध्ये दिला होता. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी तो उघडपणे बदलला: दोन लाख डॉलर कमावणाऱ्याला मिळणारी नऊ हजारांची सूट जवळपास निम्मी केली आणि कमी-मध्यम उत्पन्नवाल्यांना जास्त दिले. महागाई वाढली, म्हणून निर्णय बदलला, असे त्यांनी तोंडावर सांगितले. मार्चमधली डंकली इथली पोटनिवडणूक त्यांच्या पक्षाने राखली. घरगुती वीजबिल २०२५पर्यंत २७५ डॉलरनी उतरेल, हा त्यांचा दुसरा शब्द तर सपशेल फसला, तरी ३ मे २०२५ रोजी मजूर पक्षाने १५० पैकी ९४ जागा जिंकल्या. यात समोरचे पर्याय किती कमकुवत होते, हाही भाग आहेच.

मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ज्यांनी सगळे आधी सांगितले त्यांचे काय झाले? १९९३च्या निवडणुकीसाठी विरोधी पक्षनेते जॉन ह्यूसन यांनी साडेसहाशे पानांचा कार्यक्रम मांडला, १५ टक्के जीएसटी आणणार हे लपवले नाही. मुलाखतीत वाढदिवसाच्या केकवर कर किती लागेल याचे सोपे उत्तर त्यांना देता आले नाही आणि हमखास जिंकायची निवडणूक ते हरले. २०१९ मध्ये मजूर पक्षाचे विरोधी पक्षनेते बिल शॉर्टन यांनी गुंतवणुकीच्या घरांवरच्या आणि लाभांशावरच्या करसवलती कमी करणार असे स्पष्ट सांगितले. त्यांच्या पक्षाच्या कार्यक्रमात नसलेला ‘मृत्यू कर’ फेसबुकवरून पसरवला गेला, आणि पाहण्यांमध्ये पुढे असूनही ते पडले. यातून पक्ष जो धडा शिकले तो घातक आहे: निवडणुकीआधी कमीत कमी बोला. मग सत्तेवर आल्यावर जे करावे लागते ते मतदाराने कधी ऐकलेलेच नसते. त्या २०१९च्या निवडणुकीनंतर ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या अभ्यासात फक्त २५ टक्के लोक म्हणाले की सरकारमधली माणसे विश्वासार्ह आहेत. दीर्घकाळ चाललेल्या त्या पाहणीतला तो नीचांक होता. आता दर तीन मतदारांत साधारण एक जण पहिली पसंती मजूर पक्ष आणि लिबरल-नॅशनल आघाडी या दोन मोठ्या गटांबाहेर देतो.

उपाय मुळीच झाले नाहीत असे नाही. ‘आधीच्यांनी तिजोरी रिकामी ठेवली’ ही सबब हॉक यांनी १९८३ मध्ये आणि हॉवर्ड यांनी १९९६ मध्ये वापरली. १९९८च्या कायद्याने तिचा बराचसा बंदोबस्त केला: निवडणुकीचा औपचारिक आदेश निघाल्यापासून दहा दिवसांत अर्थ खात्यांच्या सचिवांनी, मंत्र्यांना न विचारता, तिजोरीची स्थिती प्रसिद्ध करायची. हा नियम कुठल्याही लोकशाहीने उचलावा असा आहे.

खोट्या प्रचाराचे काय? दुकानदाराने मालाबद्दल फसवी जाहिरात केली तर ऑस्ट्रेलियाचा ग्राहक कायदा त्याला पकडतो. राजकीय जाहिरात व्यापारात मोडत नाही, म्हणून सुटते. देशाचा निवडणूक कायदा मत कसे नोंदवावे याबद्दलची दिशाभूल तेवढी रोखतो, आणि तीही नेहमी वेळेत नाही. २०१९ मध्ये मेलबर्नच्या दोन मतदारसंघांत निवडणूक आयोगाच्या जांभळ्या रंगात चिनी भाषेतले फलक लागले. मत देण्याची ‘योग्य पद्धत’ म्हणजे लिबरल उमेदवाराला पहिली पसंती, असे त्यांवर होते. ते फसवे होते असे न्यायालयाने म्हटले, निकाल मात्र कायम राहिला. २०१६ मध्ये मतदानाच्या दिवशी जणू मेडिकेअर या सरकारी आरोग्य योजनेकडूनच आलेले संदेश मजूर पक्षाने पाठवले होते. दोन्ही बाजूंचे हात यात काळे आहेत.

१९८३ मध्ये खोट्या राजकीय जाहिरातींवर देशभर बंदी आणली गेली आणि एकही निवडणूक होण्याआधी, १९८४ मध्येच, ती काढून टाकली. राजकारणातले सत्य कायद्याने ठरवता येत नाही, असे कारण दिले गेले. अ‍ॅडलेड ही राजधानी असलेल्या दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याने १९८५ मध्ये नेमके तेच करून दाखवले. वस्तुस्थितीबद्दल खोटे विधान करणारी जाहिरात तिथे गुन्हा आहे, आणि निवडणूक आयुक्त ती मागे घ्यायला व चूक दुरुस्त करायला सांगू शकतात. कॅनबेराच्या राजधानी प्रदेशानेही २०२० मध्ये तसा कायदा केला. मोडलेली आश्वासने या कायद्यांच्या कक्षेत येत नाहीत, कारण आश्वासन भविष्याबद्दल असते. पण ‘मृत्यू करा’सारखे बनाव त्यांच्या पकडीत येऊ शकतात. त्याच धर्तीचे विधेयक नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय संसदेत मांडले गेले आणि पाठिंब्याअभावी सोडून दिले गेले.

हा अंक सिडनी-मेलबर्नच्या मराठी घरांतही जातो. तिथल्या वाचकांना एवढीच विनंती आहे: पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की अ‍ॅडलेडमध्ये १९८५ पासून चालत आलेला कायदा साऱ्या देशाला का नको, हे त्याला विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत त्याला दारातून हलू देऊ नका.