कॅप्सूल घेण्याआधी उंदरांचं ऐका

जयपूरच्या राजा पार्कमध्ये काय किंवा पुण्याच्या लक्ष्मी रोडवर काय, औषधाच्या दुकानात प्रोबायोटिकच्या, म्हणजे 'चांगल्या' जिवाणूंच्या, कॅप्सूल आता सहज मिळतात. त्या पोटासाठी असतात. पण त्यांनी स्मरणशक्तीही टिकते, असं सांगणारे हल्ली भेटू लागलेत. हे बोलणं अगदीच हवेतलं नाही; आतड्यातल्या जिवाणूंचा मेंदूशी संबंध असल्याचं दिसलं आहे.

अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेव्हिड होल्ट्झमन यांच्या गटाने २०२३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यासाठी निवडलेल्या उंदरांच्या मेंदूत टाऊ हे प्रथिन साचून पेशी मरतात. अल्झायमरचा धोका वाढवणारं माणसाचं एपीओई-४ हे जनुकही त्यांच्यात होतं. त्यातले काही उंदीर जन्मापासून निर्जंतुक वातावरणात वाढवले. आतड्यात एकही जिवाणू नसलेल्या या उंदरांच्या मेंदूची झीज बरीच कमी निघाली. मग त्यांना जिवाणू न देता नुसती लघुशृंखल मेदाम्लं दिली, तर टाऊचा उपद्रव पुन्हा वाढला.

आता ही मेदाम्लं काही विष नव्हेत. भाकरी, डाळी, पालेभाज्यांतला चोथा मोठ्या आतड्यातले जिवाणू आंबवतात तेव्हा ती तयार होतात, आणि आतड्याच्या अस्तराचं पोषण त्यांच्यावरच चालतं. जे पोटाच्या हिताचं, तेच या उंदरांच्या मेंदूला नडलं. 'चांगले जिवाणू, वाईट जिवाणू' ही जाहिरातीतली वाटणी मला म्हणूनच पटत नाही.

माणसांत गुंता आणखी वाढतो. विस्कॉन्सिनच्या संशोधकांना २०१७ साली अल्झायमरच्या रुग्णांच्या आतड्यात बायफिडोबॅक्टेरियम हे जिवाणू कमी आढळले. पण स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं जेवण बिघडतं, औषधं वाढतात. जिवाणू त्यानेही बदलतात. आधी काय बदललं? शिवाय विस्कॉन्सिनच्या रुग्णांचं माप आपल्याला जसंच्या तसं लागू नाही. भारतीयांच्या आतड्यात प्रेव्होटेला आणि मेगास्फेरा या जिवाणूंचं प्रमाण अधिक असल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली दाखवलं आहे.

भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये त्याची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपणा त्यांत आहेत; आतड्यातले जिवाणू नाहीत. तेव्हा उंदरांना घाबरून ताटातली भाकरी-भाजी कमी करू नका, आणि आजोबांना ऐकू कमी येत असेल तर कॅप्सूलच्या पैशांत आधी त्यांचे कान तपासून घ्या.