भाषावार प्रांत आणि प्रांतातील बोली : ठाणे-कल्याण परिसरातील आगरीच्या निमित्ताने

भारतीय संविधानाच्या आठव्या अनुसूचीत 1950 साली 14 भाषांचा समावेश होता. आज ही संख्या 22 आहे. 1956 ची राज्यपुनर्रचना आणि 1 मे 1960 रोजी झालेली महाराष्ट्राची स्थापना यांमुळे प्रांत आणि भाषा यांचे समीकरण मराठी मनात पक्के झाले. राज्यकारभाराच्या दृष्टीने ते आवश्यकच होते. मात्र प्रांताच्या आत बोलल्या जाणाऱ्या बोलींकडे पाहताना हे समीकरण अपुरे पडते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली हा परिसर या दृष्टीने विशेष अभ्यसनीय ठरतो.

1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे आणि 1854 मध्ये कल्याणपर्यंत लोहमार्ग झाला. त्यानंतरच्या काळात घाटावरची व दक्षिण कोकणातली मराठी, गुजराती, हिंदी आणि दाक्षिणात्य भाषा येथे येऊन स्थिरावल्या. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची वसाहत झाली व 1949 साली तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. सिंधीला भारतात स्वतःचा प्रांत नाही, तरी 1967 पासून तिला अनुसूचीत स्थान आहे. याउलट खाडीकाठच्या आगरी बोलीचा प्रदेश शाबूत असूनही तिची नोंद वेगळी होत नाही. आगरी भाषक जनगणनेत स्वाभाविकपणे 'मराठी' असेच सांगतो, आणि त्यात त्याचे काही चुकतेही नाही.

या भागातील बोलींची नोंद मात्र बरीच जुनी आहे. सतराव्या शतकात एका पोर्तुगीज मिशनऱ्याने साष्टी-ठाणे भागातील बोलीचे व्याकरण लिहिले. कुन्य रिव्हार यांनी ते 1858 मध्ये गोव्यात प्रथम छापले, तेव्हा ग्रंथनामात त्या बोलीचा उल्लेख 'कोकणीची उत्तरेकडील बोली' असा आला. पुढे ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या 1905 साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात उत्तर कोकणातील आगरी, कोळी, कुणबी इत्यादी बोली मराठीच्या अंतर्गत आल्या. गोव्याच्या कोकणीला 1992 मध्ये अनुसूचीत स्थान मिळाले. उत्तरेकडील बोलींबाबत तो प्रश्नही उद्भवला नाही. भाषा कोणती आणि बोली कोणती, याचा निर्णय केवळ व्याकरणावर होत नसतो, हे यावरून ध्यानी यावे. ग्रिअर्सन यांनी नोंदविलेली यातील बहुतेक नावे जातींची आहेत, ही बाबही दुर्लक्षिण्यासारखी नाही. आगरी आणि कोळी यांच्या बोलींतील ध्वनिविशेष बव्हंशी समान असताना त्यांना दोन नावे मिळाली, ती समाजरचनेमुळे.

या ध्वनिविशेषांचा थोडा तपशीलवार विचार करणे इष्ट आहे, कारण 'अशुद्ध' हा शिक्का त्यांच्यावरच बसतो. आगरीत 'ण'चा 'न' व 'ळ'चा 'ल' होतो : पाणी-पानी, डोळा-डोला. दोन स्वरांमधील 'ड'चा 'र' होतो : घोडा-घोरा, गाडी-गारी, साडी-सारी. मात्र शब्दारंभीचा 'ड' कायम राहतो. म्हणून 'डोळा' या शब्दाचे 'डोला' होते, 'रोला' होत नाही. 'डोंगर'ही तसाच. बोलणाऱ्याच्या जिभेला 'ड' जमत नाही, हा लोकप्रिय समज येथेच निकालात निघतो. उच्चार बदलतो तो ध्वनीच्या स्थानानुसार, आणि स्थानानुसार होणारा बदल म्हणजेच नियम. 'मला'ऐवजी येणारे 'मना' हे रूपही असेच बोलीच्या व्यवस्थेचा भाग आहे.

शाळेत या नियमांची माहिती उपयोगी पडते. ज्या मुलाच्या बोलीत 'काल' आणि 'काळ', 'वेल' आणि 'वेळ' यांचा उच्चार एकच आहे, त्याला लेखनात हा भेद नव्याने शिकावा लागतो. नुसते लाल शाईने खोडल्यास अतिदक्षतेपोटी तो 'काल'चेही 'काळ' करील, असा संभव असतो. नियम ठाऊक असलेला शिक्षक आपल्या 'ल'पैकी कोठे 'ळ' लिहावयाचा हे शब्दगटांनुसार शिकवू शकतो. त्यासाठी मुलाची बोली सोडवावी लागत नाही.

शब्दसंपत्तीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. 'आगरी' हे नावच मिठाच्या आगरावरून आलेले. मिठागर, खाजण, बांध, उघाडी ही शब्दावली भरतीचे पाणी अडविणाऱ्या आणि सोडणाऱ्या श्रमातून घडली. खाजणावर इमारती उभ्या राहिल्या की 'उघाडी' हा शब्द वापरण्याचे प्रयोजनच उरत नाही. उच्चार घराघरांत टिकू शकतो. व्यवसायाची शब्दावली जमिनीबरोबर जाते.

2017 च्या फेब्रुवारीत डोंबिवलीत 90 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याची यजमान संस्था 'आगरी युथ फोरम' होती. प्रमाण मराठीच्या उत्सवाचे यजमानपद बोलीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समाजाने स्वीकारावे, ही घटना लक्षणीय म्हटली पाहिजे.

साहित्याच्या अभ्यासकाला याहून जवळचा विषय म्हणजे आगरी विवाहविधीतील 'धवला'. ही गीते धवलारीण गाते आणि लग्नाचे विधी त्यांच्या आधारे चालतात. महानुभाव कवयित्री महदंबेचे तेराव्या शतकातील 'धवळे' हीदेखील विवाहगीतेच. दोन्ही परंपरांचा थेट संबंध सांगणे धाडसाचे ठरेल. परंतु 'धवळा' व 'धवला' यांतील 'ळ' आणि 'ल' यांचा संबंध वरील नियमाशी तंतोतंत जुळतो. यासाठी धवलारिणींकडील गीते उच्चारानुसार लिहून घेणे अगत्याचे आहे. संकलक पुष्कळदा छपाईच्या वेळी 'पानी'चे 'पाणी' आणि 'गारी'चे 'गाडी' करून टाकतात. अशा मुद्रित संहितेवरून गीताचा आशय कळतो. ते कोणत्या बोलीत गायिले गेले, हे मात्र तिच्यावरून सांगता येत नाही.